टोकियोत दोघांसाठी सुशी: काही महिन्यांच्या अनुभवानंतर, मुख्यतः भाताबद्दल

कोर्स माणशी ६,६०० येनचा, म्हणजे दोघांचे १३,२००. हातात बिल आलं २२,९९० चं. मधला फरक असा: बसण्याचा आकार माणशी ५५०, दोन बिअर ८८० प्रमाणे, दोन गो (१८० मिलीचं माप) साके, म्हणजे तांदळाची दारू, १,३२० प्रमाणे, "उनी घेणार का?" असं विचारून वाढलेले उनीचे, म्हणजे सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या गराचे, दोन तुकडे १,१०० प्रमाणे, आणि या सगळ्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज. आकडे मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले होते, त्यामुळे फसवणूक म्हणता येत नाही. खरा संताप भाताचा आहे. एवढे पैसे मोजून साडेआठच्या पाळीला मिळालेला भात गार होता. दुकानाचं नाव देत नाही, कारण या किमतीतल्या बऱ्याच दुकानांत हेच चालतं आणि त्याचं कारण ठरलेलं आहे.

माणशी ६ ते १० हजारांच्या पट्ट्यात मासा बहुतेक ठिकाणी तोयोसू या टोकियोच्या घाऊक मासळी बाजारातूनच येतो. ट्यूना, हिरामे (चपटा मासा), होताते (स्कॅलॉप शिंपले) यांच्या दर्जात फरक असतो, पण रोज सुशी न खाणाऱ्या जोडप्याच्या जिभेला तो जेमतेम कळेल. भाताचा फरक मात्र पहिल्या घासालाच कळतो. निगिरी म्हणजे हाताने दाबलेल्या भातावर माशाचा तुकडा; तिचं निम्मं किंवा त्याहून जास्त वजन भाताचंच असतं. तो अंगाइतका कोमट हवा, म्हणजे वरचा थंड मासा तोंडात सैल पडतो. भात गार झाला की स्टार्च घट्ट होतो, दाणे एकमेकांना धरून बसतात आणि निगिरीचा गोळा होतो. फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात झपाट्याने होतं. म्हणून सुपरमार्केटातली सुशी रात्री निम्म्या किमतीतही घ्यावीशी वाटत नाही.

दोन पाळ्यांच्या दुकानांत, म्हणजे सहाची एक आणि साडेआठची एक, गडबड इथेच होते. चांगलं दुकान प्रत्येक पाळीसाठी वेगळा भात लावतं. कंजूष दुकान संध्याकाळी पाचला एकदाच लावतं आणि तोच रात्रभर पुरवतं. बसल्या बसल्या ओळखायचं असेल तर शेफच्या हाताशी काय आहे ते बघा. ओल्या फडक्याने झाकलेलं लाकडी भांडं असेल आणि ते अर्धं होताच आतून दुसरं येत असेल, तर निश्चिंत राहा. निगिरी ताटलीवर ठेवल्यावर क्षणभर नजर तिच्यावरच ठेवा. नीट दाबलेली, आत हवा असलेली निगिरी आपल्याच वजनाने किंचित खाली बसते, केसाएवढीच, पण दिसते. गार भाताची तशीच ताठ उभी राहते.

तपकिरी झाक असलेला भात म्हणजे लाल व्हिनेगर, साकेच्या चोथ्यापासून केलेलं. चुतोरो, ओतोरोसारख्या ट्यूनाच्या चरबीच्या तुकड्यांना ते छान लागतं. केवळ रंगासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

आता कोर्सबद्दल. सुरुवातीला माझं ठाम मत होतं की ओमाकासे, म्हणजे शेफ ठरवेल तो कोर्स, घेतला की खर्च पक्का, आणि दोघांच्या संध्याकाळी मेनूत डोकं घालावं लागत नाही. ते मत आता राहिलेलं नाही. स्वस्त कोर्समध्ये पहिले तीन-चार पदार्थ पोट भरायला असतात, निगिरी १० ते १२, आणि वेग दुकानाचा. आठला उठायचं असतं, कारण पुढची पाळी दारात उभी असते. बोलण्यात दोन मिनिटं गेली की समोरची निगिरी थंड होते, नोरी (समुद्री शेवाळाचा कागद) मऊ पडते आणि शेफ पुढची हातात धरून थांबतो. निगिरी तव्यावरच्या भाकरीसारखी आहे, आली की लगेच खायची. दोन तास तिच्या वेगाने बोलायचं, हे डेटला जमत नाही.

जमतं ते वस्तीतल्या जुन्या सुशी दुकानात. निशी-कासाईत राहणाऱ्या आपल्या लोकांना तोझाई लाइनवर तोयोचो, किबा, मोन्झेन-नाकाचो हे सगळं चार स्टेशनांच्या आत आहे. अशा ठिकाणी निगिरीचे ठरलेले सेट तीन दर्जांत मिळतात: नामी (साधा), जो (वरचा), तोकुजो (खास). मधला घ्या. तोकुजोत वाढते ती बहुधा उनी, इकुरा (सॅमनची अंडी) आणि ओतोरो, आणि तिघांचीही किंमत चवीपेक्षा जास्त धावते. काउंटरवर बसून सेट एकदम न आणता थोडा थोडा द्यायला सांगा. गर्दी नसेल तर बहुतेक शेफ आनंदाने देतात. त्याआधी साशिमीची (नुसत्या कच्च्या माशाचे काप) एक लहान ताटली आणि चावानमुशी (वाफवलेलं अंड्याचं कस्टर्ड) मागवा. पाऊण तास निवांत बोलायचं ते याच वेळी, कारण या पदार्थांचं थांबल्याने फारसं बिघडत नाही. निगिरी सुरू झाली की फक्त खायचं. हिशेब साधारण असा बसतो: जो सेट ३,३०० चे दोन, साशिमी १,६५०, चावानमुशी ६६० चे दोन, एक गो साके दोन पेल्यांत ९९०, शेवटी आवडीचे प्रत्येकी दोन तुकडे ४४० प्रमाणे. एकूण १२,३२०. चहाचे पैसे लागत नाहीत, टिप द्यायची नाही.

शेवटचे आवडीचे तुकडे कोहादा (एक लहान चंदेरी मासा) आणि आनागो (समुद्री ईल) घ्या. कोहादा मीठ-व्हिनेगरात मुरवावा लागतो, आनागो शिजवावा लागतो, म्हणजे दोन्हींत दुकानाची मेहनत कळते आणि दोन्ही ओतोरोपेक्षा स्वस्त. भिंतीवर किमतीऐवजी "त्या दिवसाचा भाव" लिहिलेलं काहीही विचारल्याशिवाय मागवू नका. पोट लवकर भरतं त्यांनी "शारी चिसामे दे" (शारी म्हणजे सुशीचा भात) म्हणायचं, भात कमी घालून देतात. जादा आकार नाही, आणि आठाऐवजी अकरा तुकडे खाता येतात.

दुकान शोधताना ताबेलॉग या परीक्षणांच्या साइटवर दोन बजेट दिसतात: एक दुकानाने सांगितलेलं, दुसरं लोकांच्या परीक्षणांतून काढलेलं. दुसरं पहिल्याच्या दीडपट असेल तर बिलात वरचे आकार लपलेले आहेत असं समजा. सर्व्हिस चार्जचा रकाना वेगळा असतो, तोही वाचा. पाचपैकी गुण ३.५ च्या वर असतील तर दुकान चांगलंच, ३.३ वालीही सोडू नका, वस्तीतल्या दुकानांना गुण देणारेच कमी.

वार बघा. तोयोसू बाजार रविवारी बंद, बरेचदा बुधवारीही. रविवारी उघड्या दुकानात ट्यूना, हिरामे चालतील, ते तसेही मुरवून ठेवतात. आजी (हॉर्स मॅकरेल), इवाशी (सार्डिन) मात्र टाळा. शनिवारी साडेपाच-सहाची वेळ सगळ्यात उत्तम, भात नुकताच लावलेला असतो. २४ डिसेंबरला टोकियोत सगळी जोडपी बाहेर पडतात, बरीच दुकानं फक्त महागडा खास कोर्स ठेवतात. आणि ३१ डिसेंबर ते ५ जानेवारी सुशीचं नाव काढू नका, नव्या वर्षाचा पहिला लिलावच ५ तारखेला होतो.

फिरत्या पट्ट्याच्या साखळ्यांबद्दल थोडक्यात: २०२३ मध्ये एका ग्राहकाने सोया सॉसची बाटली चाटल्याचा व्हिडिओ पसरला, त्यानंतर बहुतेक ठिकाणी ऑर्डर केलेलीच ताटली येते. खप एवढा की शनिवारी सातला भात हमखास कोमट असतो, हे मान्य. पण रांग आणि गोंगाट यांत ही संध्याकाळ घालवू नये.

काउंटरवर जाताना अत्तर नको, शेजारच्याच्या तोंडचा घास बिघडतो. बांगड्या, कडं, जड घड्याळ काढून ठेवा. काउंटरचं हिनोकी (जपानी सायप्रस) लाकूड मऊ असतं, ओरखडे पडतात.

दोघांपैकी एक शाकाहारी असेल तर कप्पामाकी (काकडीचा रोल) आणि ओशिन्कोमाकी (लोणच्याच्या मुळ्याचा रोल) मिळतील. पण कान्प्यो (सुकवलेला भोपळा), इनारी (टोफूच्या पिशवीतला भात), चावानमुशी, मिसो सूप या सगळ्यांत बहुधा माशाचा दाशी (रस्सा) असतो, अंड्याच्या तामागोतही. शेफला ऐनवेळी विचारून उपयोग नाही, दाशी सकाळीच घातलेला असतो. कडक शाकाहारी असेल तर दुसरं हॉटेल बघा. आणि उपवास पाळणाऱ्यांनी संकष्टी, श्रावण बघूनच बुकिंग करावं. त्याच दिवशी रद्द केलं तर बरीच कोर्सवाली दुकानं पूर्ण रक्कम कापतात.