आजोबा आणि अण्णांच्या मेडलची फ्रेम, ४ स्टार

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. ज्यांना फक्त रेट बघायचाय त्यांच्यासाठी: दोन बॉक्स फ्रेम, काच, आतलं कापड, पितळी पट्टी सगळं धरून ९,२०० झाले, आणि आठ दिवस सांगून एकवीस दिवस लावले. एक स्टार तिथेच गेला.

आमच्याकडे आजोबांची मेडल्स माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कपाटात आईच्या साड्यांखाली. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. अण्णा १९६७ ला नेव्हीत गेले, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर ट्रेनिंग आणि नंतर जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये. आजीचं माहेर साताऱ्यातलं अपशिंगे, ज्या गावाच्या नावालाच मिलिटरी चिकटलंय, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. त्यामुळे माझा भाऊ ऐरोलीला कंपनीत लागला तेव्हा आजीने पहिलं विचारलं होतं, "कुठली पलटण?"

याआधी दुसऱ्या एका दुकानात दिलं होतं (नाव घेत नाही), त्यांनी मेडल सरळ गोंदाने चिकटवायला घेतली. आपल्याकडच्या मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं, ते चिकटवून टाकल्यावर वाचणार कसं? मी तिथूनच उचलून आणली.

या ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानाचे मालक फोनवरच म्हणाले, ताई, मेडल ज्यांची आहेत त्यांना घेऊन या, नाहीतर क्रम चुकतो. अण्णांना गुडघ्याचा त्रास, दुकान चार पायऱ्या वर, तरी गेलो. क्रमाचं खरंच असतं हां, मला वाटायचं मोठं मेडल आधी. अण्णांनी न बघता लावून दाखवली, पूर्वी स्टार (१९७१ च्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांचा), संग्राम मेडल, मग स्वातंत्र्याच्या २५ वर्षांचं, शेवटी ९ वर्षं सेवेचं. आजोबांच्या इटली स्टारची रिबीन लाल पांढरी हिरवी, इटलीच्या झेंड्याचेच रंग, हे मला एवढ्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं! मालकांनी सगळी मेडल्स रिबिनीला दोरा घालून टाचलीत, उद्या हवी तर सोडवून काढता येतात. आणि मेडल घासू दिली नाहीत, आई घरून भांड्यांची पावडर घेऊन आली होती ती परत पिशवीत गेली. ते म्हणाले, घासलं की आधी अक्षरं जातात.

आता खरी गंमत. आम्ही बसलेलो असताना एक काका त्यांची फ्रेम न्यायला आले, तेही नेव्हीचे, १९७१ ला किल्टनवर होते, म्हणजे निपात, निर्घात, वीर या मिसाइल बोटींबरोबर कराचीला गेलेलं जहाज. झालं, दोन चहा अजून सांगितले. ते अण्णांना म्हणतात, "तुम्ही तिकडे बंगालच्या उपसागरात, आमच्यामुळे ४ डिसेंबरला नेव्ही डे असतो." अण्णा तापले. म्हणाले, "४ डिसेंबरलाच आमच्या सी हॉक विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर बॉम्ब टाकले, सकाळी, तुमच्या आधी. चारातल्या एका बॉयलरला भेगा होत्या, जहाज पळवायचं, वर विमानं उडवणाऱ्या कॅटापल्टलाही वाफ द्यायची, ती वाफ काय कराचीहून येत होती?" अख्खं दुकान हसत होतं, एक बाई लग्नाचा फोटो घ्यायला आलेल्या त्या पण थांबल्या.

मग त्या काकांनी आपल्या खुकरी जहाजाचा विषय काढला. ९ डिसेंबरला बुडाली ती, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, त्यात काकांचा एक बॅचमेट. अण्णा त्यावर काहीच बोलले नाहीत, काकांचा चहा गार झालेला तो बदलून आणायला सांगितला फक्त. मालकांनी त्या वेळात एकदाही "पुढचं गिऱ्हाईक" केलं नाही. चार स्टार त्यासाठी आहेत, फ्रेमसाठी साडेतीनच दिले असते.

कारण पट्टी! ठरल्या दिवशी आणायला गेलो तर पट्टीवर "पश्चिमी स्टार" कोरलेलं, म्हणजे पश्चिमेच्या आघाडीवाल्यांचा. कोरणाऱ्या पोराला १९७१ आणि नेव्ही म्हटल्यावर कराचीच आठवली असणार. अण्णा इतके चिडले की आधार न धरता पायऱ्या उतरले. विक्रांत २०१४ ला भंगारात तोडली, तिच्या लोखंडातून नंतर मोटरसायकली निघाल्या, तेव्हाही ते एवढे बोलले नव्हते. मालकांनी माफी मागून नवीन पट्टी फुकट करून दिली पण त्यात तेरा दिवस गेले, आणि फोन आम्हीच करायचा, त्यांचा एकदाही आला नाही.

माझी मुलगी एनसीसीच्या नेव्हल विंगला आहे आणि आता अग्निवीरचं डोक्यात आहे. मालक म्हणाले, तिसऱ्या फ्रेमपुरती भिंत मोकळी ठेवा. अण्णा म्हणाले, "खिळा आधी ठोकून कोण भरती होतं का? आधी तिला पोहायला शिकवा." (ती तीन वर्षं पोहतेय, अण्णांना पटत नाही.)

ते किल्टनवाले काका आता दर रविवारी फोन करतात, अर्धा तास तेच भांडण चालतं.

दुकान सोमवारी बंद. समोर गाडी लावायला जागा नाही, तलावपाळीला लावून चालत या. आणि पट्टीचा मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, तोंडी सांगू नका.