‘अमेरिकन बेस’च्या नावाखाली लाख-दीड लाख मागणाऱ्यांपासून सावध राहा

“कुवेत, अमेरिकन मिलिटरी कॅम्प, शटरिंग कारपेंटर आणि स्टील फिक्सर पाहिजेत, जेवण-राहणं कंपनीचं.” असे मेसेज ठाणे, वाशी, बेलापूरच्या लेबर ग्रुपवर फिरतात आणि पोरं घरातले दागिने गहाण टाकून पैसे भरतात. पुढचं सगळं ठरलेल्या क्रमानं होतं.

आधी ट्रेड टेस्ट, म्हणजे कामाची परीक्षा. खऱ्या टेस्टमध्ये स्टील फिक्सरला बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळी कुठे, किती वाकवायची त्याचा तक्ता) वाचायला देतात, रिंग वाकवायला लावतात आणि हूक १३५ अंशांचा आला का ते बघतात. शटरिंगवाल्यानं कॉलमचा बॉक्स उभा केला की ओळंबा लावून तपासतात. भाड्याच्या गाळ्यात मात्र दोन सळ्या बाइंडिंग वायरनं बांधल्या की ‘पास’, आणि पासपोर्ट लगेच जमा. तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला की माणूस नाही म्हणू शकत नाही. मग मेडिकलचे पैसे, त्यानंतर ‘बेस पास’चे, म्हणजे तळावर शिरायच्या परवान्याचे.

खरी गोम इथे आहे. अमेरिकन सैन्याच्या छावण्या बांधणं, मेस चालवणं ही कामं खासगी ठेकेदार करतात. त्यांच्या लष्कराचा ‘लॉगकॅप’ हा कार्यक्रम १९८५ पासूनचा. मुख्य कंपनीखाली सबकॉन्ट्रॅक्टर, त्याच्याखाली लेबर सप्लायर आणि अगदी टोकाला आपल्याकडचा सब-एजंट. पण त्या सरकारी कंत्राटांतच लिहिलेलं असतं की कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत आणि त्याचा पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही. तळावर जायचं अधिकारपत्रही ठेकेदारामार्फत निघतं. त्यामुळे बेसच्या नावावर पैसे मागितले, की तिथूनच उठा. इतर नोकऱ्यांसाठीसुद्धा लायसन्सवाल्या एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन.

“आधी व्हिजिटवर जा, तिकडे व्हिसा बदलून देतो,” हे वाक्य सगळ्यात घातक. ईसीआर पासपोर्टवर (ज्यावर परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागते) कुवेत किंवा इराकला नोकरीसाठी जायचं तर एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे आपल्या सरकारची मंजुरी लागते. ती देताना करार तपासला जातो, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा निघतो. व्हिजिट व्हिसावर यातलं काहीच होत नाही. दहावी झालेल्यांचा पासपोर्ट ईसीएनआर (तपासणी न लागणारा) असतो, त्यांना क्लिअरन्स लागतच नाही, म्हणून त्यांनी कराराचं प्रत्येक पान स्वतः वाचावं. मालक कोण, कामाची जागा कोणती, ‘डिफेन्स बेस ॲक्ट’चा, म्हणजे तळावरच्या कामगारांसाठीच्या अमेरिकन कायद्याचा विमा कोण भरणार? हा विमा परदेशी कामगारांनाही लागू असतो. जागा न कळता निघणं किती महागात पडतं, तर २००४ मध्ये जॉर्डनमध्ये काम म्हणून नेलेले नेपाळी तरुण इराकमधल्या अमेरिकन तळाकडे नेले जात असताना अतिरेक्यांच्या हाती सापडले. १२ जणांना मारून टाकलं.

ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंटचा आरसी (नोंदणी) नंबर टाका. नंबर खरा निघाला तरी थांबू नका, कारण दुसऱ्याचं लायसन्स दाखवणारे पुष्कळ आहेत. पोर्टलवरचा पत्ता आणि तुम्ही बसलाय तो गाळा एकच आहे का बघा. पोर्टलवरच्याच फोनवर विचारा की ही भरती तुमची आहे का.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रोख दिले असतील तर चिठ्ठीचा फोटो, चॅट आणि पासपोर्टची झेरॉक्स घेऊन पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तिची प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीचा सरकारी अधिकारी) पाठवा. सल्ल्यासाठी १८००-११-३०९० हा टोल-फ्री नंबर आहे. “पुढच्या आठवड्यात फ्लाइट आहे” असं एजंट म्हणाला तरी तक्रार लांबवू नका.