पॅनकार्ड नको म्हणणारा टूरवाला आणि मसाई माराच्या गेटवरचे ८०० डॉलर

लाज वाटते, तरी लिहिते. कोणी केनियाच्या सफारीचे पैसे भरायच्या बेतात असेल तर आधी हे वाचा, मग भरा.

ऑगस्ट २०२४. आम्हा दोघांचं पॅकेज: नैरोबी, अंबोसेली, नैवाशा आणि शेवटी मसाई मारात दोन रात्री. विमानाची तिकिटं आमची आम्ही काढली होती. पॅकेज ४,८५,००० रुपये. त्यातले ५०,००० यूपीआयने, २,४०,००० एनईएफटीने, तेही टूरवाल्याच्या वैयक्तिक खात्यात, आणि १,९५,००० रोख. रोख रक्कम दोन लाखांच्या आत का ठेवली हे न कळायला मी काही कालची नाही, जन्म बँकेत गेलाय. वर मारातल्या बलून सफारीचे दोघांचे ७५,०००. झाले ५,६०,०००.

आता 'एवढे पैसे दिलेतच कसे' म्हणणाऱ्यांना सांगते. माणूस ओळखीतून आला होता. शेजारच्या सोसायटीतली दोन कुटुंबं त्याच्याकडून दुबई, बाली करून सुखरूप आली होती. रस्त्यावर पाटी लावलेलं ऑफिस होतं, आत दोन मुली कॉम्प्युटरवर बसलेल्या. आणखी काय बघायचं?

बघायचं होतं ते वेगळंच. पैसे भरायच्या दिवशी मी पर्समधून पॅनकार्ड काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. परदेशी टूरचं पॅकेज विकणारा पॅन घेतो आणि टीसीएस, म्हणजे किमतीवर आगाऊ वसूल केलेला आयकर, घेतो, तेव्हा सात लाखांपर्यंत तो पाच टक्के होता, हे मला तोंडपाठ. त्याने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. एका बोटाने काचेवरून माझ्याकडे परत सरकवलं आणि म्हणाला, "काकू, तिकीट तुम्ही वेगळं काढताय ना, मग आपल्याला टीसीएस बसत नाही. चोवीस हजार वाचवले तुमचे. चहा सांगू?"

मी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि चहा घेतला.

हॉटेल आणि गाडी एका पॅकेजात आली की टीसीएस बसतो, तिकीट वेगळं काढलं तरी. पण आधी भरा, मग रिटर्न भरा, मग रिफंडची वाट बघा, त्यापेक्षा जागेवर वाचतायत तर वाचू देत, असं कोणाला वाटणार नाही? खरं सांगा. टीसीएस आयकर खात्याच्या २६एएस उताऱ्यात दिसतो. तिथे नोंद नाही म्हणजे त्या माणसाने तुम्हाला काही विकलं होतं हे कागदावर कुठेच नाही. हे पुढे पोलिसांनीच मला ऐकवलं.

मी दुसरंही विचारलं होतं. मारात परदेशी पर्यटकाला जानेवारी ते जून रोजचे १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. दोघांचे दोन दिवसांचे ८०० डॉलर. तुमच्या दरात हे बसतं कसं? तर म्हणे, "आपलं जुनं काँट्रॅक्ट आहे." गेटवरची फी तिथलं नारोक काउंटीचं सरकार घेतं, त्यात कसलं आलंय काँट्रॅक्ट!

अंबोसेलीत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. हत्तींचे कळप, सकाळी ढगांतून वर आलेला किलिमांजारो. ह्यांनी खुशीत येऊन टूरवाल्याला फोटोही पाठवले. मारात सेकेनानी गेटच्या अलीकडे, मण्यांच्या माळा विकणाऱ्या दुकानांपाशी, ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि नैरोबीच्या मालकाला स्पीकरवर घेतलं. आमच्या एजंटाने फक्त ॲडव्हान्स पाठवला होता. त्यात अंबोसेली आणि नैवाशा भागलं. मारातल्या कँपचे आणि पार्कचे पैसे आलेलेच नाहीत. बलूनचं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. "पोले, मामा, पोले," म्हणजे स्वाहिलीत 'माफ करा, बाई', म्हणत ड्रायव्हर बिचारा स्टिअरिंगकडे बघत बसला. आमच्या माणसाला फोन लावला तर आधी "नेटवर्क नाही", मग निळ्या टिका, मग बंद.

कँपचे दोन रात्रींचे ७२० डॉलर, पार्कचे ८०० डॉलर. दोन्ही क्रेडिट कार्डावर. स्टेटमेंटला मार्कअप आणि जीएसटी धरून ६३,१२८ आणि ७०,१४२. बलूनचे ७५,००० मिळवा: २,०८,२७०. त्यातल्या त्यात त्या ड्रायव्हरने शहाणपण शिकवलं. आमचा कँप गेटच्या बाहेर, पार्कचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. चार वाजता आत शिरलात तरी सहाला संपतं. पोचायच्या दिवशी आत जाऊच नका, म्हणाला.

परत आल्यावर खरी सफारी सुरू झाली. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "घडलं कुठे? केनियात? मग तिथे तक्रार द्यायची." पैसे इथे घेतले म्हटलं, तर "ही सेवेतली त्रुटी, दिवाणी मॅटर." मग दोन हवालदारांत चर्चा रंगली, पैसे जूनमध्ये दिले म्हणून फसवणुकीचं जुनं ४२० कलम लावायचं, की कळलं ऑगस्टमध्ये म्हणून जुलैत लागू झालेल्या नव्या न्याय संहितेचं ३१८. लावलं काहीच नाही. साहेब म्हणाले, "बिल नाही, पावती नाही, रोख दिले कशावरून?" आणि जाता जाता, "आफ्रिकेत कशाला जायचं मॅडम, ताडोबा काय वाईट आहे?" सायबरवाल्यांचं म्हणणं, लिंक आली नाही, ओटीपी तुमचाच, पैसे तुम्हीच पाठवले, मग हे सायबर कसं? बँकेत गेले, जिथे मी आयुष्य काढलं तिथे, तर मॅनेजर हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर आपल्यातल्याच!" एकाने तरी त्या माणसाला फोन करून दरडावायला काय जात होतं? शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला २०० रुपये फी, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, हे मला एकाही खिडकीवर कोणी सांगितलं नाही. तारीख पडते, तो येत नाही, पुढची पडते.

निघायच्या आधी केनियातल्या ऑपरेटरचं नाव मागून घ्या आणि त्यालाच थेट मेल टाका, पूर्ण पैसे पोचले का. तिथल्या टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचं लायसन्स त्याच्याकडे आहे का तेही विचारा. कँपलाही स्वतः लिहा. एजंट नाव देत नसेल तर उठा. ई-टीए, म्हणजे केनियात शिरायची ऑनलाइन परवानगी, सरकारी साइटवर ३० डॉलरच्या आसपास मिळते. आमच्याकडून प्रत्येकी ५,५०० घेतले, ते मी वरच्या हिशेबात धरलेलेही नाहीत.

त्याचं ऑफिस चालू आहे. पुढच्या ऑगस्टच्या मारा ग्रुपचं बुकिंग घेतोय, माणशी २,३५,०००, पार्क फीसकट.