ऊती कशा घडतात ते अभ्यासायचंय: झेब्राफिश घ्यावा की मेडाका?

एका अंड्यातून स्नायू, कातडी, आतडं, मेंदू कसे वेगळे होतात यावर प्रबंध करायचा म्हटलं की आधी मासा ठरवावा लागतो. झेब्राफिश आणि मेडाका दोन्ही तीन-चार सेंटिमीटरचे, दोघांचे भ्रूण आईच्या शरीराबाहेर वाढतात आणि इतके पारदर्शक की जिवंत पेशी थेट सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

माझा कौल स्पष्टपणे झेब्राफिशला. 28.5 अंशांवर पहिलं विभाजन पाऊण तासात होतं, तीन तासांत हजारेक पेशी होतात आणि त्याच सुमारास भ्रूणाची स्वतःची जनुकं जागी होतात. साडेपाच-सहा तासांनी कडेच्या पेशी आत वळतात. त्यांच्यातून अंतःस्तर (ज्यातून पुढे आतडं होतं) आणि मध्यस्तर (ज्यातून स्नायू होतात) हे पेशींचे थर घडतात, तर वरच्या ध्रुवाजवळच्या पेशींकडे कातडी आणि मज्जासंस्था येते. चोवीस तासांत हृदय धडधडू लागतं. कुठल्या जागेची पेशी पुढे काय होते, याचा नकाशा 1990 मध्येच छापला गेला. 1993 मध्ये रॉबर्ट हो आणि चार्ल्स किमेल या संशोधकांनी दाखवलं की पेशी आत वळण्याच्या सुरुवातीला एकटी पेशी दुसरीकडे हलवली तर ती नव्या जागेप्रमाणे घडते. थोडं उशिरा हलवली तर जुनंच नशीब पाळते. मला हा प्रयोग विलक्षण सुंदर वाटतो. पेशीचा निर्णय कधी पक्का होतो, हे त्यात घड्याळ लावून मोजता येतं. पेशींना हे थर घडवायला सांगणारा ‘नोडल’ नावाचा संदेश देणारी स्क्विंट आणि सायक्लॉप्स ही दोन्ही जनुकं निकामी असली की अंतःस्तर आणि धडाचा मध्यस्तर बनतच नाहीत.

जपानच्या भातखाचरांतला मेडाका सावकाश वाढतो. 26 अंशांवर अंडं फुटायला आठवडाभर किंवा थोडं जास्त लागतं. कवच चिवट, त्यामुळे सुई टोचताना हात बसायला वेळ लागतो. अंडी रोज मिळतात, पण थोडी. मात्र त्याचा जीनोम (सगळा डीएनए मिळून) झेब्राफिशच्या साधारण निम्मा आहे, गारठ्यात भ्रूणाची वाढ मंदावून ठेवता येते आणि नर ठरवणारं वाय गुणसूत्रावरचं जनुक 2002 मध्येच सापडलं आहे. प्रयोगशाळेतल्या झेब्राफिशच्या नेहमीच्या वाणांत असं एकच जनुक हाती लागत नाही. म्हणून प्रश्न जननपेशींचा आणि लिंगनिश्चितीचा असेल, तर बेलाशक मेडाका घ्या.

झेब्राफिश मुळात आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नद्यांतला. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये त्यावर काम चालतं, त्यामुळे टाकी लावण्यापासून अडचणी विचारायला माणसं जवळ आहेत. पहिल्याच वर्षी ही मदत फार मोलाची ठरते.