बिडाच्या नावाखाली काँक्रीट: ट्रॅक्टरची वजनं घेताना झालेली फसवणूक

बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरची मागची चाकं ओल्या चढावर जागीच फिरायची. पकड यावी म्हणून त्या चाकांना लावायची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं घेतली. प्रत्येक नग २५ किलोचा, असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं. वजनांवर पांढऱ्या रंगात २५ हा आकडाही होता. बोल्ट आवळून ती त्यानेच बसवून दिली. चाकं तरी घसरतच राहिली. विचारलं तर म्हणाला, "टायर झिजलेत. अजून एक जोडी लावा, कितीही वजन चालतं."

पंक्चर काढायला चाक खोललं तेव्हा वजन एका हाताने अलगद उचललं गेलं. बोल्टच्या भोकाजवळ रंगाचा पोपडा सुटला होता आणि तिथून करडी भुकटी गळत होती. वरून पातळ पत्रा, आत काँक्रीट! काट्यावर ते १० किलोही भरलं नाही.

ही लबाडी मोजायचा टेप आणि काटा वापरून पकडता येते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या, ५ सेंटिमीटर जाड चकतीचं आकारमान साधारण साडेतीन लिटर होतं. बीड लिटरला सुमारे ७.२ किलो भरतं, म्हणजे चकती २५ किलोची. काँक्रीट लिटरला २.४ किलोच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेआठ. लोहचुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, तो पत्र्यालाही चिकटतो. काँक्रीटची वजनं वाईट असतात असं मुळीच नाही, फक्त तेवढ्याच भारासाठी ती तिप्पट जाड लागतात. ती बिडाची म्हणून गळ्यात मारणं ही चोरी आहे.

"कितीही चालतं" हे तर त्याहून घातक. चाक घसरतं तेव्हा गिअरबॉक्सवरचा ताण सुटतो. वजन बेसुमार वाढवलं की चाक घसरत नाही आणि सगळा ताण आत जातो. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, गिअरबॉक्स असेल तर तो तापून निकामी होऊ शकतो. किती वजन चालेल हे ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पाहा, विकणाऱ्याला विचारू नका.

वजनं परत घ्यायला त्याने साफ नकार दिला. बिलावर नुसतं "चाकाची वजनं, एक जोडी" एवढंच होतं, त्यावरच तो अडून बसला. बिलावर धातू आणि प्रत्येक नगाचे किलो लिहून घ्या, आणि चाकाला लावण्याआधी प्रत्येक नग समोर काट्यावर ठेवायला लावा.