सांगलीच्या पाण्यात कोणतं डिटर्जंट चालतं: वडी, पावडर की लिक्विड?

डिटर्जंट घ्यायच्या आधी घरात पाणी कोणतं येतं ते बघा. नळाला येणाऱ्या कृष्णेच्या पाण्यात जी पावडर कपडे लख्ख काढते, तीच बोअरच्या पाण्यात टॉवेल पापडासारखे कडक करते. विश्रामबाग, कुपवाडकडच्या ज्या सोसायट्यांत नळ आणि बोअर एकाच टाकीत सोडतात, तिथं तर दर आठवड्याला वेगळा अनुभव येतो आणि दोष पावडरीला दिला जातो.

पाणी तपासायला खर्च नाही. अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि दहा-बारा वेळा जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी मऊ. पाणी दुधाळ होऊन वर पांढरट साका तरंगला तर जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा योग्य धरतात, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. मोजून घेतलेला आकडा 300 च्या वर असेल तर धुण्याचं सगळं गणित बदलतं.

वडी मागं का पडली याचं उत्तर त्याच साक्यात आहे. सनलाइट किंवा 501 बार हा तेल आणि कॉस्टिकपासून केलेला खरा साबण. जड पाण्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमशी त्याची गाठ पडली की चिकट साका होतो आणि तो धाग्यात बसतो. पांढरं धोतर पिवळट दिसायचं ते त्यामुळं. घाटावर, वाहत्या नदीत तोच साबण छान निघायचा.

1959 मध्ये सर्फ आली आणि 1969 मध्ये अहमदाबादहून निरमा. सर्फ किलोला तेरा रुपयांच्या आसपास असताना निरमा साडेतीनच्या आसपास मिळू लागली, आणि डिटर्जंट पावडर साध्या घरांतही पोचली. ॲसिड स्लरीपासून, म्हणजे डिटर्जंटच्या मूळ मळ काढणाऱ्या रसायनापासून केलेली पावडर जड पाण्यातही फेस देते. मात्र स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर असतो. सोडा आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून बारीक खडू तयार होतो, तो कपड्यावर उतरतो. काळी पँट दहा-पंधरा धुण्यांनंतर राख लागल्यासारखी दिसते. अशा वेळी लोक पावडर वाढवतात आणि खडूही वाढतो. उपाय उलटा आहे: शेवटच्या 15 लिटरच्या बादलीत एक सपाट चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, विरघळवून कपडे पाच मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यातून काढा. क्लोरीनच्या ब्लीचबरोबर ते कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

रोजच्या धुण्याला आमची पहिली पसंती एन्झाइमवाल्या पावडरीला. 1991 मध्ये एरियल आली तेव्हापासून या पावडरी आपल्याकडं रुळल्या. घाम, दूध, वरण, रक्त यांचे डाग एन्झाइम तोडतात, पण त्यांना वेळ लागतो. 15 लिटर कोमट पाण्यात दोन सपाट मोठे चमचे पावडर आधी पूर्ण विरघळवा, मग कपडे अर्धा तास भिजवा. उकळतं पाणी ओतलंत तर एन्झाइम मरतात आणि महागाची पावडर स्वस्तासारखीच काम करते. रेशमी आणि लोकरी कपड्यांना ही पावडर लावू नका, तो धागाच प्रथिनांचा असतो आणि एन्झाइम त्यालाही तोडतात.

हळदीच्या गावात हळदीचा डाग सांगितल्याशिवाय भागणार नाही. पिवळ्या डागावर साबण लावला की तो क्षणात लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. डाग वाढलेला नसतो. सोड्याच्या अल्कलीनं हळदीचा रंग बदलतो, भरपूर पाण्यानं खळबळलं की पुन्हा पिवळा होतो. कोरडी भुकटी आधी झटकून टाका, ओलं फडकं फिरवू नका. डागावर लिक्विड डिटर्जंट थेट चोळून पंधरा मिनिटं ठेवा, धुवा आणि कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो. दोन-तीन वेळा केलं की सुती कपड्यावर काही राहत नाही. पांढरेपणाचं पाकीट इथं उपयोगाचं नाही: त्यातली चमक नीळ देण्यासारखीच, डोळ्यांना पांढरं दाखवणारी, मळ न काढणारी.

लिक्विड तेलकट मळाला, कॉलरला आणि गडद रंगाला उत्तम. पाण्यात चटकन मिसळतं, कपड्यावर दाणे ठेवत नाही. पण जड पाण्याला आवरणारे घटक पावडरीच्या मानानं त्यात कमी असतात, म्हणून बोअरच्या पाण्यात चिखलाचे पांढरे कपडे नुसत्या लिक्विडवर सोडू नयेत. फ्रंट लोड मशिनमध्ये त्याच मशिनचं डिटर्जंट हवं. हाताच्या धुण्याची पावडर टाकली की फेस उशीसारखा साठतो, कपडे वरून आपटत नाहीत, मळ तसाच राहतो आणि फेस ड्रॉवरमधून बाहेर येतो. हीटरवर क्षार धरत असेल तर दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये 100 ग्रॅम लिंबूफूल टाकून 60 अंशावर एक फेरी चालवा.

पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळणारं सुटं लिक्विड आम्ही सुचवत नाही. ते घट्ट दिसतं म्हणून लोक घेतात, पण मीठ घालूनही लिक्विड घट्ट करता येतं. घट्टपणावरून ताकद कळत नाही. कॅनवर घटक आणि तारीख नसेल तर पायपुसणी आणि फरशीपुरतंच ठेवा.

तासगाव, पलूसकडच्या द्राक्षबागायतदारांचा प्रश्न वेगळा. बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीचा, निळसर डाग हा तांब्याचा असतो, तिथं कोणतंही डिटर्जंट एकटं पुरत नाही. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. आधी साध्या पाण्यातून काढा, मग बादलीत दोन चमचे लिंबूफूल घालून वीस मिनिटं भिजवा. डाग सैल झाला की खळबळा आणि त्यानंतरच पावडर वापरा. आधी पावडर टाकली तर सोड्यामुळं तांबं सुटायच्या ऐवजी कपड्यातच बसतं.