थर्मल कॅमेरा घ्यावा की चुंबकीय स्कॅनर?

भोसरीत इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या एका मित्राने बिघाड शोधण्यासाठी हा प्रश्न विचारला. कॅमेरा तापलेली जागा दाखवतो, स्कॅनर करंटभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. मी उलट विचारलं, "तुझ्याकडे येणाऱ्या मालात बिघाड असतो कुठे?"

टर्मिनलचा बोल्ट ढिला, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून न बसलेली, बसबारचा (करंट नेणाऱ्या धातूच्या पट्टीचा) सांधा काळा पडलेला, असंच बहुतेक येत असेल तर सरळ थर्मल कॅमेरा घे. फक्त चकचकीत तांबं-ॲल्युमिनियम कॅमेऱ्याला फसवतं, तापलेलं असूनही थंड दिसतं. त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटव आणि मग बघ.

खरी पंचाईत आयजीबीटी मॉड्यूलच्या, म्हणजे इन्व्हर्टरमध्ये करंट चालू-बंद करणाऱ्या भागाच्या आत. चिपवर ॲल्युमिनियमच्या तारा समांतर जोडलेल्या असतात. ॲल्युमिनियम सिलिकॉनच्या सात-आठ पट प्रसरण पावतं, त्यामुळे गरम-थंड होता होता एखादी तार मुळाशी सुटते. बाकीच्या तारा तिचा करंट वाटून घेतात आणि मॉड्यूल चालू राहतं. मल्टिमीटर गप्प. व्होल्टेज ड्रॉप 5 टक्के वाढला की मॉड्यूल संपलं असं सहसा धरतात, पण तोवर बऱ्याच तारा गेलेल्या असतात. कॅमेऱ्याला तारांवर ओतलेल्या सिलिकॉन जेलच्या आरपार दिसत नाही. एक्स-रेमध्ये सोल्डरमधल्या पोकळ्या झकास दिसतात, पण ॲल्युमिनियम फिकं उमटतं, आणि सुटूनही जागच्या जागी टेकलेली तार धडधाकटच वाटते.

चुंबकीय क्षेत्राला मात्र जेल आणि प्लॅस्टिक आडवं येत नाही. एका तारेत 10 ॲम्पिअर असतील तर 5 मिलिमीटरवर 400 मायक्रोटेस्ला मिळतात, पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळपास दहापट. चुंबकीय क्षेत्र मोजणारा साधा हॉल सेन्सरही ते पकडतो. पण सेन्सर जितका लांब, चित्र तितकं पुसट, त्यामुळे एक-एक तार वेगळी दिसेल या भ्रमात राहू नकोस. एकेक मिलिमीटरवरच्या सहा तारांपैकी कडेची सुटली, तर करंटचा मध्य अर्धा मिलिमीटर सरकतो. दिसतं ते एवढंच, आणि तेही शेजारी चांगल्या मॉड्यूलचा नकाशा असेल तरच. मधली तार गेली तर ओळखणं आणखी अवघड.

पृथ्वीचं क्षेत्र वजा करायला करंट उलटा फिरवायचा मोह होतो. तसं करू नकोस, उलटा करंट मॉड्यूलमधल्या डायोडमधून जातो, आयजीबीटीच्या तारांमधून नाही. गेटला, म्हणजे आयजीबीटी चालू करणाऱ्या टोकाला, 15 व्होल्ट देऊन करंट चालू आणि बंद अशी दोन्ही वाचनं घे, आणि वजाबाकी कर.

माझं मत विचारशील तर कॅमेरा आत्ताच घे. एक्स-रे लागेल तेव्हा बाहेरून काढून आण. महागडा स्कॅनर एकाच जातीची मॉड्यूल शेकड्यांनी तपासणाऱ्याला परवडतो. तुझ्याकडे रोज वेगळा माल, तुलनेला चांगला नमुना आणणार कुठून? तरी हौस असेलच, तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून हॉल सेन्सर आण आणि जुन्या थ्रीडी प्रिंटरच्या हेडला बांध. जवळपासचे लोखंडी स्क्रू मात्र काढून पितळेचे लाव.